मागाच्या खोलीतल्या अनुसयाकाकू

लग्न होऊन मी कराडहून नागपूरला आले तो एप्रिलचा महिना होता. नवऱ्याची नोकरी मौद्याच्या वीज प्रकल्पात. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि दिवस मावळताना आणून सोडायची. मधल्या वेळात मी कूलरसमोर बसून भाड्याच्या घराच्या भिंती बघायचे. ओळखीचं कुणी नव्हतं. भाषा मराठीच, पण भाजीवालीनं "काहून वं, नाही घ्याचं काय?" असं विचारलं की ती रागावली आहे की माया करते आहे, हेच मला कळायचं नाही.

अशीच एकदा भाजी घेऊन परतताना गोळीबार चौकामागच्या गल्लीत एका दारावर पुठ्ठा टांगलेला दिसला. 'मगावर फोटो छापून भेटेल. कम्प्युटरवाली बाई पाहिजे.' कॉलेजात असताना मी एका जाहिरातवाल्याकडे डिझाइनचं काम केलं होतं. मी पिशवी घेऊन तशीच आत गेले.

आत एक ठेंगणी, गोल बांध्याची, पंचावन्नच्या आसपासची बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला आणि उजव्या हातात विकेटकीपरचा असतो तसा जाड हातमोजा. त्या हातात तापलेला मग धरून ती दुसऱ्या हाताच्या नखानं त्यावरचा कागद सोलत होती.

"थांब वं जरा," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

कागद सुटला. आतून एक टक्कल पडलेले, मनापासून हसणारे गृहस्थ बाहेर आले. बाईनं त्यांना उजेडात धरलं, कोणी पाहुणा उंबऱ्यात दिसावा तशी ती हसली आणि म्हणाली, "आला." मग खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"बोल. काय छापाचं?"

मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"काय येते तुले?"

"फोटो नीट करता येतो. मजकूर लिहिता येतो."

"शुद्ध?"

"हो."

"मंग झालं. माहं अशुद्ध आहे, अन् थो प्रिंटर बिचारा जसंच्या तसं छापते."

अशी माझी नेमणूक झाली. अनुसयाकाकूंनी माझं नाव विचारलं, पण वापरलं कधीच नाही. मी त्यांच्यासाठी शेवटपर्यंत 'कराडवाली' राहिले.

ती खोली मुळात हातमागाची. काकूंच्या सासऱ्यांनी आणि नंतर नवऱ्यानं, माधवरावांनी, तिथे बसून लुगडी विणली होती. पुढे माग बंद पडला, विकला गेला, मागाखालचा, पाय सोडून बसायचा खड्डा बुजवून वर फरशी आली. पण तेवढीच जागा दर पावसाळ्यात जराशी खचायची, आणि वरच्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवावी लागायची. त्या टेबलावर काकूंची हीट प्रेस होती. "इथं अगुदर माग होता," पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "आता मग आहे. एक काना पडला, बाकी खोली तेच." हे त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसत.

काम सांगायला सोपं होतं. मी फोटो नीट करून आरशात दिसतो तसा उलटा छापायचे. काकू तो कागद कोऱ्या मगाभोवती ताणून गुंडाळत, कडांना टेप लावत, यंत्राच्या तापणाऱ्या पट्ट्यात मग बसवत आणि दांडा दाबत. घंटी वाजली की मग बाहेर. गंमत अशी की कागदावर ते रंग अगदी मरगळलेले दिसतात, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे. उष्णता लागली की उघडतात. पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक तो फिका कागद बघून हबकायचं. काकू म्हणायच्या, "निंगू दे त्याले अंदरून. आतापासून तोंड नोको पाडू."

मे महिन्यात त्या खोलीत उभं राहणं म्हणजे परीक्षा होती. कूलर लावला तर वाऱ्यानं यंत्र नीट तापत नसे, म्हणून कूलर बंद. एक टेबलफॅन होता, त्याचं तोंड काकूंनी माझ्याकडे करून ठेवलं होतं. स्वतः घामानं निथळत म्हणायच्या, "बाहर बी परेस, अंदर बी परेस. आपन मधातले मग." आणि दांडा दाबायच्या.

बिघडलेले मग त्या टाकत नसत. कुठे फोटो तिरका जायचा, कुठे कागद सरकून चेहऱ्याला सावली यायची, कुठे मी उलटं करायला विसरले की 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' आरशातून वाचाव्या लागायच्या. ते सगळे घरात वापरायला. त्यामुळे त्या घरात चहा प्यायला बसलं की हातात कुठल्या तरी अनोळखी कुटुंबाचा आनंदसोहळा यायचा. मला पहिल्या दिवशी एक कललेलं नवरा-नवरी जोडपं मिळालं. मी विचारलं, हे कोण. काकूंना तो प्रश्न फार आवडला असावा. खुर्ची ओढून बसल्या.

"वर्ध्याचे आहे. पोरगी पोस्टात आहे. पोरगा जरासा हट्टी, पन मनानं साफ. तिरपे निंगाले म्हनून आपल्याकडं राहिले."

हे सगळं त्यांना माहीत असायचं, कारण फोटो हातात आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "हे कोन?" आणि दुसरा: "सोभावानं कसा आहे?" घाईत आलेली माणसं वैतागायची. हिंगण्याच्या एका कारखान्यातला पोरगा एकदा शिफ्टला जाता जाता आला होता, मोटरसायकल दारात चालूच ठेवून. तो म्हणाला, "मावशी, तुमाले काय कराचं त्याचं? छापून द्या ना."

"काहून गा? ज्याले मी हातात धरनार, त्याले वळखू बी नोको काय?"

पोरानं सांगायला सुरुवात केली. त्याच्या मशीनवरचे एक जुने कामगार निवृत्त होत होते, त्यांच्यासाठी मग हवा होता. सांगता सांगता तो बाहेर जाऊन मोटरसायकल बंद करून आला आणि स्टुलावर बसला. त्या कामगारांनी याला कसं शिकवलं, एकदा याचा हात यंत्रात जाता जाता कसा ओढून काढला, डब्यात रोज एक पोळी याच्यासाठी जास्तीची कशी आणायचे. काकू कागद गुंडाळत ऐकत होत्या. यातलं काहीही मगावर उमटणार नव्हतं. तरी त्या दिवशी त्यांनी टेप जरा जास्तच जपून लावली असं मला वाटलं.

मी एकदा विचारलं होतं की काकू, तुम्हाला एवढ्या चौकशा कशाला लागतात. त्यांनी आधी हातातला मग पुसून खाली ठेवला. नंतर म्हणाल्या, "माग होता तवा लुगडं विनून व्यापाऱ्याकडं जाये. कोन नेसली, लग्नात नेसली का पोरीच्या बारशाले नेसली, काईच कळत नसे. मी सुताच्या कांड्या भरे अन् मनात म्हनो, कोनाच्या आंगावर जाईन हे? आता बरं आहे. ज्याचं त्याचं तोंड समोर असते. मंग इचारू नोको काय?"

कुहीकडच्या एका खेड्यातले म्हातारे गृहस्थ मला आठवतात. त्यांच्याकडे आईचा एकच फोटो होता, तोही मतदार ओळखपत्रावरचा, नखाएवढा. मी तो मोठा केला, डाग काढले, चेहरा उजळला आणि उत्साहात सुरकुत्याही पुसल्या. म्हाताऱ्यांना पडद्यासमोर बसवलं. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि अतिशय अदबीनं विचारलं, "ह्या कोन आहे, बाई?"

काकू इतक्या हसल्या की त्यांना हातमोजा काढून डोळे पुसावे लागले. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "आन वं तिच्या सुरकुत्या वापस. त्याले त्याचीच माय पायजे." मी एकेक सुरकुती परत आणली. म्हातारे बाजूला बसून सांगत होते, "हं. हे ठेवा. हे कपाळावरचं बी ठेवा." मग तयार झाला तेव्हा त्यांनी तो डब्यात घालू दिला नाही. खांद्यावरचा दुपट्टा त्यावर घातला आणि उन्हात, बस स्टँडकडे, हातात धरून निघाले. काकू दारापर्यंत गेल्या. गल्लीच्या वळणावर ते दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभ्या होत्या.

या सगळ्या कारभाराला एक माणूस मात्र कधीच राजी झाला नाही. माधवराव. माग गेल्यावर त्यांनी हिंगण्याला एका कंपनीत रखवालदारी केली, निवृत्त झाले आणि आता दारातल्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे. उंच, हडकुळे, कमी बोलणारे. मला 'बाई' म्हणायचे आणि मी आले की पेपरातलं एक पान काढून द्यायचे. घरातल्या एवढ्या मगांतला एकही त्यांनी कधी ओठाला लावला नाही. त्यांचा चहा स्टीलच्या गिलासात.

"मानसाच्या तोंडाले आपलं उष्टं तोंड लावाचं," ते म्हणायचे, "अन् मंग त्याच तोंडाले घासनीनं घासाचं. हे काई बरं नाही."

काकूंचं यावर उत्तर तयार असायचं. देवांच्या बाबतीत त्यांना नवऱ्याचं म्हणणं मान्य होतं. एका मंदिराच्या मंडळानं उत्सवासाठी देवाच्या फोटोचे मग मागितले, तेव्हा काकूंनी सरळ नाही म्हटलं होतं. पण माणसांचं वेगळं. "देवाले उष्टं चालत नाही, कबूल. पन मानूस तं उष्ट्यानंच मोठा होते. मायनं आपल्या तोंडातला घास काढून लेकराले भरवला नाही काय?"

"भरवला. मंग मायनं लेकराले घासनीनं घासलं काय?"

"मी घासलं ना तुमच्या नितीनले. शनवारी शनवारी. दगडानं."

इथे माधवराव पेपर वर धरायचे. तो वाद मी तिथे असेपर्यंत कधीच मिटला नाही, आणि मिटावा असं दोघांपैकी कुणाला वाटतही नसावं. नितीन त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला नोकरी करायचा. फोनवर तो विचारायचा, "भांडण चालू आहे ना? मग ठीक आहे."

एका हिवाळ्यात उमरेडहून एक गृहस्थ आले. मुलीचं लग्न होतं आणि पाहुण्यांना भेट म्हणून मग द्यायचे होते. खोकी भरून काम. फोटोत मुलगी पल्लवी आणि तिचा होणारा नवरा, कुठल्या तरी बागेत उभे. काकूंनी नेहमीप्रमाणे दोघांची माहिती काढली. पल्लवी सरकारी दवाखान्यात नर्स होती. आठवडाभर आम्ही दुसरं काही हातात घेतलं नाही. काकू दर मगाला "आली" म्हणत. मी म्हटलं, तो मुलगाही आहे की फोटोत. त्या म्हणाल्या, "थो बी आला. पन पोरगी पयले."

खोकी बांधून झाली आणि ते गृहस्थ एकटेच आले. दारातच उभे राहिले. माधवरावांनी खुर्ची दिली तरी बसेनात. शेवटी म्हणाले की लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी ऐनवेळी नोकरी सोडायची अट घातली, मुलगी नाही म्हणाली, तिकडून निरोप आला. "मगांचं तुमीच काईतरी करा. घरी नेता येत नाही. फेकून द्या."

ते गेल्यावर काकू खोक्यांकडे बघत बसल्या. नंतर म्हणाल्या, "फेकले तं कोनी उचलन. उद्या चौकातल्या टपरीवर लोक तिच्या तोंडात चहा पेतीन. नाही जमत."

पुसताही येत नाही. हीच तर त्या छपाईची खासियत, रंग मगाच्या अंगातच मुरतो. मी म्हटलं, वरून गडद रंगाचं काही छापता येईल. त्यावर माधवराव, जे मगांविषयी एक अक्षर बोलत नसत, पेपर खाली करून म्हणाले, "खाली तं तेच राहीन ना, बाई."

काकूंनी उमरेडला फोन लावला. "भाऊजी, पोरीले पाठवा. तिचं तोंड आहे, तिलेच इचारू."

दुसऱ्या दिवशी पल्लवी एकटी आली, बसनं. दवाखान्यातून परस्पर आलेली, खांद्याला पर्स, केस घट्ट बांधलेले. काकूंनी खोकी उघडून दाखवली. एकाला एक खेटून बसवलेल्या ओळीच्या ओळी, सगळीकडे ती हसत होती. पल्लवी म्हणाली, "मले वाटलं, थोडे असतीन."

काकू चहा टाकायला उठल्या आणि फळीवर हात नेऊन थबकल्या. फळीवरच्या प्रत्येक मगावर कुणाचं तरी लग्न होतं. तेवढ्यात माधवराव उठले. स्वतःचा स्टीलचा गिलास त्यांनी विसळला, चहा ओतला आणि पल्लवीसमोर ठेवला. त्या दिवशी ते स्वतः चहा प्यायले की नाही ते मला आठवत नाही.

"काय करू याईचं?" काकूंनी विचारलं.

पल्लवीनं चहा संपवला. "फोडता येतीन काय?"

"काहून नाही येनार? चप्पल घाल फक्त. अन् डोये सांभाळ."

मागच्या अंगणात आम्ही गोणपाट अंथरलं, त्यावर मग, वर दुसरं गोणपाट. काकूंनी कपडे धुण्याची मोगरी आणून तिच्या हातात दिली. पहिला घाव तिनं इतका हळू घातला की मग नुसता घरंगळला. दुसरा जरा जोरात. त्यानंतर तिला आमची गरज राहिली नाही. मी आतून मग आणून देत होते, माधवराव गोणपाट सरळ करत होते, आणि ती मुलगी ओढणी कमरेला बांधून घाव घालत होती. मध्येच तिला हसू फुटलं, मध्येच रडू आलं, आणि हात चालूच होता. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी डोकावून विचारलं, "काय चालू आहे वं, अनुसयाबाई?" काकू मान वर न करता म्हणाल्या, "घरचं काम."

शेवटच्या खोक्याच्या तळाशी पल्लवी थांबली. एक मग हातात घेऊन म्हणाली, "हा राहू देऊ काय?"

"राहू द्याचा असन तं राहू दे."

तिनं तो वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. कशाला, ते तिनं सांगितलं नाही. जगाच्या चौकशा करणाऱ्या काकूंनी तेवढं विचारलं नाही.

तो चुरा माधवरावांनी वाया जाऊ दिला नाही. उन्हाळ्याआधी गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवायचे त्यांच्या मनात होतंच. नागपुरात ऊन परतवायला अनेकजण असं करतात. मिस्त्री आला, तुकडे बघून कुरकुरला, म्हणाला हे तर वाकडे आहेत, बसणार नाहीत. माधवराव त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि हातोडीनं तुकडे आणखी बारीक करून देत राहिले. रंगाची बाजू खाली, सिमेंटात. पांढरी वर. एकही रंगीत कण वर राहू नये म्हणून ते संध्याकाळपर्यंत उन्हात होते. त्या मे महिन्यात खोली खरंच थंड झाली की आम्हालाच तसं वाटलं, सांगता येत नाही. पल्लवी पुढे एकदा दिवाळीत येऊन गेली. तिची बदली भिवापूरकडे झाली होती आणि ती बऱ्यापैकी जाड झाली होती. काकूंना ते फार आवडलं.

माधवराव गेले ते दुपारी, जेवून आडवे झालेले असताना. काकूंनी चहासाठी हाक मारली आणि ओ आली नाही. नितीन पुण्याहून आला. वडिलांवर त्याचा फार जीव. तेरवीला येणाऱ्या प्रत्येकाला वडिलांचा फोटो असलेला मग द्यायचा, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि मला फोटो पाठवला. कंपनीत निरोपाच्या दिवशी काढलेला, गळ्यात हार, आणि माधवराव चक्क हसताहेत. मी तो नीट केला, खाली नाव लिहिलं. नितीननं काकूंना पडद्यासमोर आणून बसवलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"छान दिसते," त्या म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, "नोको छापू, बापू."

"का? आई, अख्ख्या नागपूरचे बाप छापतेस तू."

"त्या बापाईले चालत असन. तुह्या बापाले नव्हतं चालत."

"आई, बाबा आता नाहीत."

"माहीत आहे मले." त्यांचा आवाज चढला नाही. "इतके वर्सं मी त्याईच्या संगं याच्यावरूनच भांडली. ते असते तं उद्या बी भांडली असती. आता त्याईले उत्तर देता येत नाही, अन् मी छापून मोकळी होऊ? मानूस गेला म्हनून त्याचं म्हननं गेलं काय?"

नितीन उठून गच्चीवर गेला. बराच वेळ खाली आला नाही. मी उठावं की बसावं मला कळेना. काकू यंत्रावरची धूळ झटकायचं फडकं घडी करत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घडी करत होत्या. नितीन खाली आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"मग द्यायचं काय लोकांना?"

"गिलास दे. स्टीलचे."

नितीनला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं. तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी इतवारीतून त्यानं स्वतः गिलास आणले, प्रत्येकावर बापाचं नाव कोरून घेतलं. त्यातला एक माझ्याकडे आहे.

तो फोटो संगणकावरून काढून टाकू का, असं मी काकूंना विचारलं होतं. "राहू दे," म्हणाल्या. पुढे काम सुरू झाल्यावर कधीकधी दोन मगांच्या मध्ये त्या हातमोजा घातलेल्या तशाच माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहायच्या. "दाखव वं जरा." मी उघडायचे. क्षणभर बघायच्या. "बस." घंटी वाजली की परत यंत्राकडे.

पुढे नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नागपूर सोडलं. निघताना काकूंनी घरी कुटलेल्या सावजी मसाल्याची बरणी दिली. "अर्धाच चमचा टाकजो, कराडवाली. तुमचा तांबडा रस्सा अलग, हे अलग." अधूनमधून फोन व्हायचा. नितीन पुण्याला चल म्हणून मागे लागला होता, त्या जात नव्हत्या. गेल्या थंडीत नितीनचाच फोन आला. काकू झोपेतच गेल्या होत्या.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्याच्या आदल्या वर्षी. एका लग्नासाठी मी नागपूरला गेले होते. परतीच्या दिवशी वेळ काढून गल्लीत गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "थ्या तं गाडीवर गेल्या."

"कोणाच्या?"

"सोताच्या," ती म्हणाली, आणि यापलीकडे सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलेलं दिसलं नाही.

माझ्या रेल्वेची वेळ झाली होती, मी रिक्षा केली. गांधीबागेच्या सिग्नलवर आम्ही थांबलो होतो. चार-पाच वाहनं पुढे एक बॅटरीवरची स्कूटर होती, मागे कोऱ्या मगांचं खोकं दोरीनं बांधलेलं. वर बसलेल्या बाईनं नागपूरच्या बायका बांधतात तसं उन्हासाठी सगळं तोंड बांधून घेतलं होतं, नुसते डोळे दिसत होते. पण तो गोल बांधा, कमरेला खोचलेला पदर आणि जमिनीला टेकवलेले दोन्ही पाय मी कुठेही ओळखले असते. शेजारच्या मोटरसायकलवर एक बाप आणि पुढे टाकीवर त्याची पोरगी बसली होती, आणि काकू त्या पोरीशी बोलत होत्या. पोरगी हातवारे करून काहीतरी सांगत होती. हाक मारायला मी बाहेर वाकले, पण तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागून एकदम सगळे भोंगे वाजले. माझी हाक त्यात विरली.

काकू हलल्या नाहीत. मागे न बघता त्यांनी डावा हात वर केला, थांबा म्हणून, आणि पोरीचं बोलणं पुरं होऊ दिलं.

रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून पाहिलं. "ह्या मावशी रोज असंच करते," तो म्हणाला, पण त्यानं भोंगा वाजवला नाही.

पोरीचं सांगून झालं. काकूंनी मान हलवली, स्कूटर सुरू केली आणि दोन्ही पाय जमिनीवरून घासत, अगदी कडेकडेनं, डावीकडे वळल्या.